दळा गोल भाजा

चहा पाजा, पर मिरचीचं नाव काढू नका. चेन्नईला पुतण्याकडं, सच्याकडं, गेलतो. पोरगं प्रोग्राम लिहितंय. हापिसला जाताना फ्रीजवर लिहून गेलं, "नाना, गावच्या मिरच्या दळा ० भाजा." मधी गोल कशाला, त्येला ठाऊक. म्या मिक्सरमधी दळल्या, मग पूड तव्यावर टाकली. सारी बिल्डिंग खोकायला लागली. शेजारीण दारात, "अय्यो, एन्ना सार इदु!" म्हंजी, 'ह्ये काय वो!' वर्साची मिरची जळून कोळसा.

सच्या आल्यावर म्हणतो, "नाना, आमच्या प्रोग्रामात मधी गोल असला की उजवीकडचं आधी. दोन कामं जोडून एकच होतं, लई सोयीचं."

"आरं भाड्या, 'भाजून दळा' लिहायला हात झडला हुता? बरं, आता तुझं आईक. जेव गोल मार खा. उजवीकडचं आधी!"