उपाय इथे पाहा

लिंका कशा पाठवायच्या हे मला नणंदेनं शिकवलं, आणि तिनं कॉम्प्युटर कधी पाहिलाही नव्हता! घोडेगावच्या सायबर कॅफेतून मी दर आठवड्याला नातेवाइकांना वाचण्याजोग्या लिंकांची ईमेल पाठवायचे. तळेघरच्या नणंदेसाठी तीच छापून एसटीच्या कंडक्टरजवळ द्यायचे. एकदा तिचा फोन आला.

"वैनी, भात पिवळं पडलंय. तुज्या कागदावर लिवलंय, 'उपाय इथे पाहा.' कुठं पाहू? मागनं बी कोराच हाय!"

कॅफेत जाऊन मी ती लिंक उघडली आणि उपाय तिला फोनवर वाचून दाखवला. तेव्हापासून प्रत्येक लिंकेचा पूर्ण इंटरनेट-पत्ता खाली देऊन त्याच्यावर आतलं सार चार ओळींत लिहायला लागले.

महिन्यानं ती म्हणाली, "भात सुधारलं, वैनी. कागद बी आता ब्येस असतो. फकस्त ती खालची इंग्रजी ओळ काढून टाक, उगा जागा खाती."