पारोळ्याच्या नाक्यावर अडकलेलं घर

हॅलो?… हॅलो, एक्स्चेंज?… नाही बाई, पारोळं नकोय. पारोळ्यात मी आहेच. पारोळ्यातून सुटायचं आहे म्हणून धुळं मागतोय… हो, वकीलसाहेबांच्या घरचा नंबर… धरतो.

वना, दार लोट रे. जिनिंग मिलचा आवाज फार येतोय… या ऑफिसचं दार, वना. आपलं नाही.

हॅलो? आबा? नमस्कार आबा, मी मगन… मगन वारके, जळगावचा… तुमचा जावई… हो, तोच. तुम्हाला दुसरा नाहीये ना?… नाही, नाही! सगळे बरे आहेत. ट्रंक कॉल आला म्हणजे कोणी गेलंच पाहिजे असं नसतं, आबा… आईंना सांगा, रडू नका. सगळे जिवंत आहेत… हो, आमची आत्यासुद्धा.

मी पारोळ्यात आहे. सुगंधाला न्यायलाच निघालो होतो. पण जकात नाक्यावर अडवलंय… दारू? छे, आबा! दारू असती तर सोपं होतं. दारूला कायदा आहे. माझ्याकडे घर आहे.

घर… हो, राहायचं असतं ते… चाकं आहेत त्याला… आबा, मी काहीही घेतलेलं नाही. उन्हात निघालोय, पण डोकं ठिकाणावर आहे.

सांगतो. सुगंधानं तुम्हाला अट सांगितली असेलच… नाही सांगितली? मग मी कशी सांगू?… बरं, वकील म्हणून ऐका, सासरे म्हणून नको. आमच्या घरात माणसं चौदा आणि खोल्या चार. लग्नाला वर्ष होत आलं. वर्षभरात मी आणि ती एकमेकांशी एक सबंध वाक्य बोललेलो नाही. मी ‘आज’ म्हटलं की कोणीतरी पाणी मागतं. ती ‘अहो’ म्हणाली की घरातले सगळेच पुरुष वळून बघतात. म्हणून अखजीच्या सणाला माहेरी येताना तिनं कळवलं, आपलं बोलणं तिसऱ्याच्या कानावर जाणार नाही अशी एक जागा करा, मगच न्यायला या. आजच्या रविवारपर्यंत. नाहीतर दिवाळी झाल्यावर बघू… हो आबा, मुदत घालायची सवय तिला तुमच्याकडूनच आली असणार.

आता खोली बांधायला जागा कुठे आहे? म्हणून मी आणि वनानं मिळून… वना म्हणजे माझा मित्र. लिलावात लढाईतली एक अँब्युलन्स मिळाली. तिच्यात आम्ही घर केलं. सुतार नाही, गवंडी नाही, सगळं आमच्या हातांनी… अनुभव आहे ना. मी लहानपणी पतंग बांधलेत.

तर नाक्यावर लोटनभाऊ म्हणून कारकून आहेत. ते इथेच बसलेत, माझ्या शेजारी… नाही, ते फोन घेणार नाहीत. फोनमधून झटका बसतो असं त्यांना कोणीतरी सांगितलंय. मी मध्ये आहे. तर ते म्हणतात, गाडी असेल तर जाऊ द्या. पण आत चूल आहे, चौकट आहे, टपावर माती आहे, मग ही गाडी कशी? आणि घर असेल, तर घर गावातून नुसतं निघून जात असेल तेव्हा काय करायचं, हे त्यांच्या पुस्तकात नाही. मोठे साहेब लग्नाला गेलेत, ते परवा येतील. तोवर घर नाक्यावर… हो ना! परवा म्हणजे मंगळवार. सुगंधाची मुदत आज.

म्हणून तुम्हाला फोन. कायद्यानं हे काय आहे ते सांगा, मी त्यांना सांगतो… चाकं चार… इंजिन आहे… चालतं… म्हणजे थांबत थांबत चालतं… ठीक. ठीक… लोटनभाऊ, धुळ्याचे वकीलसाहेब म्हणतात, ज्याला चाकं आणि इंजिन आहे ती गाडी… आबा, ते विचारताहेत, मंग हाई चूल काय शे?… स्वयंपाकाची, आबा. मातीची. पक्की बसवलीय… नाही, मोडणार नाही! वनाच्या आईनं स्वतः लिंपलीय… पोतेरंही फिरवलंय. जमीन सारवली आहे, आबा, नुसत्या पत्र्यावर बसायचं का माणसानं?

काय?… कोण? सुगंधा आहे तिथे? नको, तिला आत्ता नका देऊ फोन, आधी हे…

हॅलो.

अगं… हो. मीच… ऐक ना… अगं ऐक ना! आबा ‘गाडी, गाडी’ म्हणाले ते कायद्यापुरतं. गाडी नाहीये ती, घर… नाही, लोटनभाऊ! मी म्हटलं, घरी सगळे बरे आहेत ना. चौकशी करतोय. बायको आहे माझी.

सुगंधा, जरा हळू. इथे मला ती गाडी ठरवायचीय आणि तुला घर. दोन्ही एकाच तोंडानं. तू विचार, मी आडून सांगतो… नाही, खोटं नाही बोलत. शप्पथ… चूल आहे, माठ आहे, माठाला घडवंची आहे. धरणगाव फाट्यापर्यंत माठही अख्खा होता.

बंगई आहे… हो! तुला अखजीला झोका लागतो ना. कडीपाटाची नाही गं, फळी आणि दोर. फक्त गाडी चालताना तिच्यावर कोणी बसायचं नाही. वना बसला होता. धरणगाव फाट्यावर ब्रेक दाबला, तो बंगईसकट पुढे आला, मग मागे गेला, मग परत पुढे. गाडी थांबली तरी तो येतजात होता.

ऊन? उन्हाचीच तर सगळी कथा आहे. लोखंडी टप वैशाखात तापला की आत भाकरी भाजली जाईल. मग आपल्या गावाकडच्या घरात गार कशामुळे असतं? धाब्यामुळे. म्हणून आम्ही टपावर धाबं घातलं… हो. धाबं. खरंखुरं. काड्या, पाला आणि वर खारी माती, चांगली चोपून. वना म्हणाला, बठ्ठं बराबर शे, सगळं बरोबर आहे… का म्हणजे? गार राहावं म्हणून!… अगं वजन झालं हे खरं आहे. मागचे स्प्रिंगचे पाटे पार झोपले. पण त्यातसुद्धा देवाचा हात बघ. धाब्यानं गाडी वीतभर उंच झाली, आता अंगणाच्या फाटकाच्या कमानीतून निघणार कशी म्हणून रडत बसलो होतो. तर त्याच धाब्याच्या वजनानं ती दीड वीत खाली बसली आणि अलगद निघाली. आत्या म्हणाली, वास्तू प्रसन्न आहे.

हो, आत्याला विचारूनच केलंय सगळं. तिचं म्हणणं एकच होतं, दार दक्षिणेला नको. आता दार मागे. जळगावाहून धुळ्याला येताना गाडीचं तोंड पश्चिमेला, म्हणजे दार पूर्वेला. उत्तम. परत जाताना दार पश्चिमेला. चालेल, म्हणाली. फक्त चोपड्याला जायचं नाही. चोपड्याला तोंड उत्तरेला होतं, दार दक्षिणेला जातं… तुझी मावशी चोपड्याला आहे ना? मग मावशीकडे रिव्हर्समध्ये जाऊ.

हसू नकोस… अगं, तू हसतेस?… नाही, हस. हस. मी कधी ऐकलंच नव्हतं… म्हणजे पदरात तोंड घालून हसतेस ते बघितलंय. आवाज आजच ऐकला.

कोण? हो बाई, तीन मिनिटं झाली, माहीत आहे. वाढवा… वाढवा म्हणजे वाढवा. संसाराचा प्रश्न आहे… तुम्हीही ऐकताय का? मग सांगा, घर म्हणायचं का गाडी?… बरं, बरं. सरकारी नोकर म्हणून मत नाही देता येत. समजलं.

हॅलो, सुगंधा? आहेस ना?… अँब्युलन्सच्या बाजूला लाल क्रॉस होता, त्यावर चुना लावला. चुना वाळला आणि क्रॉस आणखीच उठून दिसायला लागला. एरंडोलला एक म्हातारे हात करून चढले. मी सांगतोय, नाना, हा दवाखाना नाही. ते म्हणाले, असू दे, गार आहे. झोपले. अजून झोपलेत. आता सांग, इतकं गार कुठल्या गाडीत असतं? घरातच… हो हो, लोटनभाऊ, गाडीच. गाडीत प्रवासी असतो ना, तोच झोपलाय. पुराव्याला चला दाखवतो.

बरं, विचार ना. अजून काय?… दार? दार आहे तर. सागाचं. जुन्या कपाटाचं… बिजागऱ्या पितळी… कडी? कडी आहे की. चांगली भक्कम, हातभर लांब… आतून?

थांब हं. एक मिनिट.

वना… कडी आतून आहे ना रे?… मग?… का?… गोठ्याला बाहेरूनच असते. बरोबर. गोठ्याला बाहेरूनच असते, वना. बैल आतून कडी लावत नाहीत. पण मी बैल आहे का?… नको, उत्तर देऊ नकोस.

सुगंधा… आहेस?… ऐक. कडी बाहेरून आहे… हो. फक्त बाहेरून… हो, म्हणजे आत बसलं की येईल तो दार उघडेल. काकू डाळ मागायला येईल, आत्या दिशा बघायला येईल… कळतंय मला. वर्षभर जे होतं तेच, फक्त चाकांवर… अगं, लक्षातच नाही आलं. धाबं केलं, चूल केली, झोका केला. ज्याच्यासाठी केलं तेवढंच उलटं लागलं.

रागाव, हवं तेवढं रागाव. पण दिवाळी म्हणू नकोस.

काय हो, लोटनभाऊ?… थांबा, बायकोशी बोलतोय… काय म्हणालात? परत म्हणा… आतून कडी नाही?… नाही, आतून नाही. बाहेरूनच… बरं… बरं!

सुगंधा! लोटनभाऊ म्हणताहेत, ज्याला आतून कडी लावता येत नाही ते घर कसलं? माणसाला आत कोंडून नेतात ती गाडी. लिहिताहेत. ‘गाडी, रिकामी, एक म्हातारा.’ सोडलं! अगं, सोडलं नाक्यानं!

…हो. तेही खरं आहे. सोडलं म्हणजे घर नाही हे सरकारदरबारी नक्की झालं… मग मी येऊन काय उपयोग, असंच ना?… तरी येऊ का? नुसता भेटायला येतो. तुझ्या आबांच्या ओसरीवर बसतो, चहा पितो, ‘पाऊस कधी लागेल’ विचारतो आणि परत जातो. ओसरीवर बाकी कायच बोलता येणार आहे?

अं?… पुढे? पुढे म्हणजे चालवायची जागा… दोघंच मावतात. मी आणि शेजारी एक जण… आत्ता वना बसतो… मागच्याला पुढचं ऐकू? छे! मध्ये पत्रा आहे, त्यावर वनानं उन्हासाठी जाडजूड माती लिंपलीय. सकाळी मागून तो अर्धा तास ओरडत होता, घडवंची पडली म्हणून. मला एरंडोलला थांबल्यावर कळलं.

…सुगंधा?

…म्हणजे तू पुढे बसणार?

धुळ्यापासून जळगावपर्यंत?… हो, हळू चालवीन. हळूच चालते ती. टेकाड आलं की उतरून ढकलावी लागते… वना ढकलेल. तेवढ्यासाठी त्याला बाहेर काढू… आणि मग रोज जेवण झाल्यावर चक्कर? मेहरूणच्या तलावापर्यंत? घरच्यांना काय सांगायचं?… ‘इंजिन गार पडू नये म्हणून’. वा! हे मला नसतं सुचलं. तू खरंच वकिलाची मुलगी आहेस.

आबा काय म्हणतात?… तिथेच उभे आहेत? सगळं ऐकलं?… मग विचार त्यांना… काय म्हणाले?… ‘गाडीच आहे, जाऊ दे’. हे कायद्यानं म्हणाले की बाप म्हणून?… बरं, नको विचारू. निकाल लागला की वकिलाला कारण विचारू नये.

हो, दिवे लागायच्या आत पोचतो. तू तयार राहा. आणि सामान थोडं घे, मागचे पाटे… हॅलो? हो बाई, झालं, झालं, आता नाही वाढवत… सुगंधा, एक सांगायचं राहिलं… वर्षभर राहिलंय. मी… नको. इथे लोटनभाऊ आहेत, तिथे आबा आहेत, मध्ये या बाई आहेत. पुढच्या सीटवर सांगतो.

हॅलो?… हॅलो?… कापला.

चल वना, ऊठ. निघायचं… अरे, पुढे नाही. आजपासून तुझी जागा मागे. जा, त्या नानांना उठव, नाहीतर त्यांच्या शेजारी पड, गार आहे. काही लागलं तर हाक मार. मला ऐकू येणार नाही, पण तू मार.

बसलास? थांब, कडी लावतो.