मातीले आख्खा गाव

नाही ताई, बायकांले सांगाले मले नका लावू. तुमी बुलढान्याहून आल्या, जंगल राखाची समिती करून राह्यल्या, चांगलंच हाय — पन म्या शाहजादीनं काऊन दारोदार फिरावं? बसा, पानी घ्या. माहे मालक, मलिहाचे अब्बा, बोलवतच होते ना लोकायले. गफ्फार टेलर म्हनत त्यायले. शुक्रवारी दुकान बंद, नमाज झाली का निघाले टेकडीवर, मांगं अर्धी गल्ली — चारोळ्या तोडा, टेंभरं खा, पळसाखाली भाकरी सोडा. समोरची सरस्वतीबाई तं सुनेले घेऊन जाये. ते म्हनत, "जंगल आवडलं पायजे, मंग मानूस आपोआप राखते." मले बी पटे.

मंग मागच्या उन्हाळ्यात आग लागली. कोनं लावली? मोहफुलं वेचाले कोनं पाला पेटवला असन, आता काय त्याचं. आमच्या यायनं मशिदीच्या भोंग्यावर सांगतलं, शंकररावनं मंदिराच्या — हिरव्या फांद्या घेऊन चला. आले ना लोक. टेकडीखालच्या पांदनीपर्यंत आले. तिथं उभे राहून मोबाईलवर आगीची शूटिंग करत होते. वर गेले हे आन शेजारचा कचरू, दोघंच. झोडपत झोडपत गेले — आन वारा फिरला. कचरू एकटा आला, हात भाजेल. म्हने, "भाभी, माह्या मांगंच होते ते. मांगंच होते."

मातीले आख्खा गाव आला, ताई. हिंदू, मुसलमान, सारे. कब्रस्तानात पाय ठेवाले जागा नोती म्हनत. मी दारातून ती गर्दी पाहून राह्यली होती — मनात एकच, याच्यातले अर्धे जरी वर गेले असते... जाऊ द्या.

आता त्या टेकडीकडं मी पाहत बी नाही. काय? हो, फुटला ना, साग फुटला, सीताफळीले कोंब आले, अंजन तेवढा काळाच हाय — कोनं सांगतलं म्हंजे? मीच... सकाळी जाऊन येते कधी. बकऱ्या घुसू नाही म्हून काटेरी फांद्या लावते. एकटीच्यानं किती होते? वाऱ्यानं उडून जातात.

रडत नाही मी. बरं — सांगीन. सरस्वतीबाईले सांगीन, विमलबाईले सांगीन, येतीन का नाही देव जाने. पन तिथं कोनी मले म्हनू नका, गफ्फार असता तं खुश झाला असता. तेवढं ऐकवत नाही.

उठा आता. बुलढान्याची बस जाईल. जा.