रिकाम्या कंसातली सुमन

हसू नका, आधी ऐका. आमचं जळगावचं ऑफिस केळीवाल्या शेतकऱ्यांना मोबाइलवर निरोप पाठवतं. मजकूर एक्सएमएल फाइलमध्ये, मराठी, हिंदी आणि अहिराणीत. नावाच्या जागी रिकामा कंस असतो. माझा एक्सएसएलटी प्रोग्राम त्यात ज्याचं त्याचं नाव भरतो. अहिराणी लिहून देतात धुळ्याचे नाना, निवृत्त मास्तर. त्यांना तीनदा बजावलं होतं, "नाना, कंसाला हात लावायचा नाही!"

दुपारी निरोप सुटणार आणि सकाळी मी फाइल उघडली, तर कंस गायब. ओळीओळीत एकच नाव. "सुमन, ऊन चढनं. सावलीमा बस." वाटलं, कुणीतरी झोपेतच कुणाशी तरी हळू बोलतंय. पण मी फोनवर कडाडलेच, "नाना, ही सुमन कोण? अख्ख्या तालुक्याला सुमन म्हणायचं का?"

"बेटा, रिकामा कंसशी कसं बोलू? शब्दच सुचेत ना. मंग तुन्ही नानीनं नाव टाकं."

नानी वर्षापूर्वी गेल्या, एवढंच मला माहीत होतं. नाव कधी विचारलंच नव्हतं.

मी फाइलकडे वळले. एक नियम लिहिला: जिथे सुमन, तिथे पुन्हा कंस. चाचणीसाठी नानांचंच नाव घातलं आणि निरोप त्यांनाच पाठवला. "नथ्थू, ऊन चढनं. सावलीमा बस."

फोन चालूच होता; त्यांनी निरोप मोठ्याने वाचला. मग नाना म्हणाले, "उभा जल्ममा तुन्ही नानीनी मन्हं नाव तोंडमा लिधं नही, बेटा. आज लिधं."