आडनाव टाकून पाहिलं

ताई: ती काच आधी खाली ठेव, मग सांगते.

धाकटी: काच कापताना माझा हात हलत नाही. तू बोल. आल्यापासून तीनदा "एक सांगायचंय" म्हणालीस आणि तीनदा ही फ्रेम कुठल्या लाकडाची म्हणून विचारलंस. सागवानाची आहे. पुढे?

ताई: सोमवारी तुला एक पत्र येईल. दवाखान्याकडून.

धाकटी: कुठल्या?

ताई: टेकडीजवळच्या.

(धाकटी काच टेबलावर ठेवते.)

धाकटी: तो विषय आपण बंद केलाय ना, ताई? मी तिथे जात होते, ते शेजारच्या झेरॉक्सवालीनं तुझ्या कानावर घातलं, मी तिच्याशी बोलणं तोडलं. संपलं. दोन दुकानांच्या मधे एक भिंत आहे, पण चार महिन्यांत तिचं तोंड पाहिलेलं नाही मी.

ताई: तिनं नव्हतं सांगितलं.

धाकटी: मग तुला काय स्वप्न पडलं होतं? फोनवर सरळ म्हणालीस, "रात्रीची गोळी मधेच बंद करू नकोस." गोळीचं फक्त तिला ठाऊक होतं. आईलासुद्धा नव्हतं.

ताई: मी वाचलं. ऑफिसात. तुझी नोंद.

धाकटी: माझी नोंद तुझ्या ऑफिसात काय करतेय?

ताई: आम्ही दवाखान्यांचा डेटा सांभाळतो ना. सत्तावीस दवाखाने आहेत. सगळ्यांच्या नोंदी क्लाउडवर एका वेअरहाऊसमध्ये. आणि त्यात रो-लेव्हल अॅक्सेसचं काम माझ्याकडे. म्हणजे पॉलिसी अशी असते की युजरचा रोल बघून...

धाकटी: ताई, अडचणीत आलीस की तू कॉम्प्युटरची भाषा बोलायला लागतेस. लहानपणी गणिताची बोलायचीस. मी फ्रेमा करते. मला कळेल असं सांग.

ताई: सगळ्या पेशंटांच्या ओळी एकाच तक्त्यात असतात. पण ज्या दवाखान्याचा माणूस बघेल त्याला त्याच्याच पेशंटांच्या ओळी दिसायला हव्यात. बाकीच्या गाळायच्या. तो नियम मी लावते.

धाकटी: म्हणजे कोणी कोणाचं वाचू नये, हे बघायचं काम तुझं.

ताई: हो.

धाकटी: छान. कुंपणानंच शेत खाल्लं.

ताई: ऐक ना. टेकडीजवळचा दवाखाना नवीन आला होता. त्यांच्या फायली अजून वेअरहाऊसच्या, म्हणजे आमच्या कोठाराच्या, आत भरल्या नव्हत्या, बाहेर होत्या तिथेच होत्या. तशा फायली आतून तक्त्यासारख्या वाचता येतात, एक्स्टर्नल टेबल म्हणतात त्याला. आतल्या तक्त्याला नियम थेट लागतो. बाहेरच्या तक्त्याला तसा लागेना. म्हणून मी त्याच्यावर एक व्ह्यू केला. खिडकी समज. त्या खिडकीला जाळी बसवली आणि सगळ्यांना सांगितलं, इथूनच बघायचं.

धाकटी: मग?

ताई: खिडकीला जाळी बसवली, पण शेजारचं दार उघडंच राहिलं. मूळ तक्ता थेट वाचायची परवानगी काढून घ्यायची, ते विसरले. कुठल्याही दवाखान्याच्या रिसेप्शनवरून टेकडीजवळच्या पेशंटांचं सगळं दिसत होतं.

धाकटी: विसरायला होतं माणसाला. त्याबद्दल मी काही म्हणत नाही. माझं नाव कुठून आलं त्यात?

ताई: आमच्याकडे एक पद्धत आहे. लावलेला नियम तपासताना ज्याचं उत्तर आपल्याला आधीच पक्कं ठाऊक आहे, असाच प्रश्न विचारायचा. म्हणजे चुकलं तर लगेच कळतं. बाकीचे काहीतरी खोटंनाटं नाव टाकतात. मी माहेरचं आडनाव टाकलं. आपलं आडनाव काय गावोगाव सापडतं? म्हटलं, शून्य ओळी येणार. दुसऱ्याच दवाखान्याच्या रिसेप्शनवरचा माणूस असल्यासारखी शिरले, खिडकीतून पाहिलं, शून्य. मग सहज म्हणून मूळ तक्त्याला विचारलं.

धाकटी: आणि?

ताई: चार भेटींच्या चार ओळी आल्या. चारही तुझ्या. तिथेच थांबायला हवं होतं गं. भोक सापडलं होतं, काम झालं होतं. त्या ओळी उघडायचं काही कारणच नव्हतं. मी उघडल्या. अकरा मिनिटं वाचत बसले.

धाकटी: अकरा. मोजलीस?

ताई: मी नाही मोजली. कोणी, कधी, काय उघडलं, सगळं लिहिलं जातं तिथे.

धाकटी: काय वाचलंस?

ताई: नको ना.

धाकटी: आता का नको? माझ्याबद्दल लिहिलेलं मी सोडून सगळ्यांनी वाचायचं का? बोल.

ताई: झोप नाही, जेवण नाही. दुकान तीन आठवडे बंद. "सकाळी कशासाठी उठता, असं विचारल्यावर पेशंट बराच वेळ गप्प."

धाकटी: असं लिहिलंय?

ताई: हो.

धाकटी: मला वाटलं होतं, डॉक्टर माझ्याकडे बघतायत. लिहीत होते होय.

ताई: ती ओळ मी परत परत वाचली.

धाकटी: आणि आली नाहीस.

ताई: आले असते तर विचारलं असतंस, तुला कसं कळलं म्हणून.

धाकटी: मग विचारलं असतं! काय झालं असतं? शिव्या घातल्या असत्या, चहा केला असता. मी इथे खुर्चीवर बसून संध्याकाळ होईपर्यंत भिंत बघायचे, आणि तुला ते माहीत होतं. घरी बसून माहीत होतं!

ताई: मला तोंड नव्हतं.

धाकटी: तोंड नव्हतं कसं? जेव्हा मी विचारलं, "झेरॉक्सवालीनंच सांगितलं ना?" तेव्हा काय म्हणालीस? आठवतंय?

ताई: "जाऊ दे ना" म्हणाले.

धाकटी: "जाऊ दे ना." त्या तीन शब्दांवर मी तिच्या दुकानात गेले, ताई. पाच-सहा गिऱ्हाइकं उभी होती. सगळ्यांसमोर तिला चुगलखोर म्हणाले. दुसऱ्यांच्या कागदांत नाक खुपसायची सवयच आहे तुला, म्हणाले. तिचा धंदाच कागदांचा. तिनं एका गिऱ्हाइकाची प्रत मशीनमधून काढून त्याला दिली आणि मला म्हणाली, "मी नाही गं."

ताई: हे मला ठाऊक नव्हतं.

धाकटी: चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी. तू दोर हातात दिलास.

ताई: मला लाज वाटते. रोज वाटते. रात्री... जाऊ दे.

धाकटी: पुन्हा "जाऊ दे"?

ताई: नाही. चुकले. लाज वाटते, एवढंच. ऑफिसात तर माझी पाठ थोपटली. "चाचणीत त्रुटी सापडली, त्याच दिवशी दुरुस्त केली," एवढंच मी रिपोर्टात लिहिलं. साहेब मीटिंगमध्ये म्हणाले, हिच्याकडून शिका.

धाकटी: आणि तू ऐकून घेतलंस.

ताई: मान खाली घालून. त्यांना वाटलं, विनय.

धाकटी: मग आता कशी आलीस? देव आठवला का?

ताई: बाहेरची माणसं तपासणीला आली. त्यांनी सगळ्या नोंदी काढल्या. त्या उघड्या दारातून आत शिरलेलं माणूस एकच. मी. कारण नसताना ज्याची नोंद वाचली गेली, त्याला कळवावं लागतं. ते पत्र सोमवारी येईल.

धाकटी: म्हणजे पत्र येणार नसतं तर आली नसतीस.

ताई: ...नसते आले.

धाकटी: हे बरं केलंस. निदान एक तरी खरं बोललीस. नोकरीचं काय?

ताई: मंगळवारी बोलावलंय. चाचणीच करत होते असं म्हणाले तर कदाचित निभावेल. आडनाव टाकलं ते चाचणीसाठीच होतं. ओळी उघडून वाचल्या ते नव्हतं.

धाकटी: काय म्हणणार आहेस?

ताई: वाचलं ते माझ्यासाठी, चाचणीसाठी नाही, असं. तुला सांगितलं, आता त्यांना सांगायला काय.

धाकटी: आईला मी सांगणार नाही. तुझ्यासाठी नाही हं, तिच्यासाठी.

ताई: माझ्याशी बोलणं टाकलंस तरी मी काही म्हणणार नाही.

धाकटी: तुझं मला अजून ठरवता येत नाही. थोडे दिवस फोन करू नकोस. तिचं मात्र आत्ता करायचंय. मशीनचा आवाज येतोय, म्हणजे आहे ती. शटर अर्धं ओढ. तू चल माझ्याबरोबर. पण आधी मी बोलणार, मग तू. आणि कॉम्प्युटरच्या भाषेत नाही.

ताई: जायच्या आधी अजून एक आहे. वाचलेलंच आहे, पण तुला ठाऊक असायला हवं.

धाकटी: अजून काय उरलंय?

ताई: त्या दवाखान्यात पेशंटबरोबर आत फक्त घरच्यांना बसू देतात. तसा नियमच आहे त्यांचा.

धाकटी: कसला नियम? झेरॉक्सवाली तर दर वेळी आतच बसायची. माझा हात धरून.

ताई: हो. नोंदीत एक रकाना आहे, सोबत आलेल्याचं नातं म्हणून. तिथे तिच्या नावापुढे "सख्खी बहीण" लिहिलंय.

धाकटी: ...कितव्या वेळी?

ताई: चारही वेळा.