नवरा छो ने?

निवृत्त मनुष्य म्हणजे सोसायटीचा बिनपगारी पहारेकरी, अशी आमच्या शेजारच्या जयेशभाईंची ठाम समजूत आहे. सकाळ ही माझी वाचनाची वेळ. पण वाचन हेही काम असते, हे त्या गृहस्थाच्या डोक्यात शिरेल तर शपथ!

परवा मी पुस्तक उघडले आणि हे दारात हजर. "काका, नवरा छो ने?" त्यांच्याकडे प्लंबर यायचा होता आणि तो येईपर्यंत मी त्यांच्या घरी बसून राहावे, अशी आज्ञा होती.

गुजरातीत 'नवरा' म्हणजे रिकामा, हे बडोद्यात राहून मला ठाऊक नसेल काय? परंतु या माणसाला एकदा ऐकवणे आवश्यक होते. मी शुद्ध मराठीत बजावले, "होय, नवरा आहे. मात्र या घरापुरता. तुमच्या गळक्या नळाशी माझे लग्न लागलेले नाही!"

जयेशभाई ओशाळून वळले. माझी सकाळ वाचली, असे वाटते न वाटते तोच स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, "जयेशभाई, खुशीथी लई जाओ. ए तो गुजराती-मराठी बन्ने भाषामां नवरा छे!"