नसलेला अर्धा तास

खरं तर मी तुमच्याशी बोलायचंच नाहीये. आईनं कामावर जाताना बजावलंय – टीव्हीवाल्यांपैकी कुणी आलं तर दार लाव, एक शब्द बोलू नकोस, हेटी. पण तुम्ही एवढ्या लांबून आलात, बाहेर गारठा आहे… बसा. हळू बोला फक्त. आजोबा मागे काचघरात आहेत, टोमॅटोच्या कुंड्या धुताहेत. तिसऱ्यांदा. धुवायला काही उरलेलं नाही त्यात, पण शुक्रवार आहे ना – शुक्रवारी ते पबमध्ये डॉमिनो खेळायला जायचे. तीन शुक्रवार झाले, गेलेले नाहीत.

फुलं तिथं ठेवा. नको, पाण्यात नको, आजोबांना दिसतील.

तुमच्या मालिकेचा तिसरा भाग लागला तेव्हा आम्ही सगळे इथंच बसलो होतो. आजोबांनी टाय बांधला होता – स्वतःच्या आईला टीव्हीवर बघायचं म्हणून. माझी पणजी, मेबल. राजाच्या इथल्या हिवाळी महालात कपडे धुवायला होती. आणि तुम्ही काय दाखवलंत? नाताळच्या आदल्या आठवड्यात ती स्टेशनवर पार्सल आणायला जाते, परत येताना शिकाऱ्यांच्या झोपडीत शिरते, आणि आत तो पाहुणा लॉर्ड! मग मेणबत्ती. मग ते सारंगीसारखं रडकं संगीत. मग सप्टेंबरात बाळ. ते बाळ म्हणजे आजोबा हो! नव्वदीला टेकलेत आता. टाय सोडला आणि झोपायला गेले, सात वाजता.

दुसऱ्या दिवशी पबमध्ये त्यांच्या खुर्चीवर कागदी मुकुट, नाताळच्या जेवणाला दोघांनी ओढून फोडायच्या पुडीतून निघतो तसला. क्लेम, साठ वर्षांचा दोस्त, कमरेत वाकून म्हणतो, “या युवराज! आमची बियर चालेल ना, की शॅम्पेन मागवू?” आजोबा हसले म्हणे. मुकुट घातलासुद्धा. घरी आले, टोपी खुंटीला अडकवली – ती बघा, तिथंच आहे. तेव्हापासून.

मी तुम्हाला तीन पत्रं लिहिली. उत्तर काय आलं? पणजीचं काम करणाऱ्या नटीचा फोटो. सहीसकट. “हेटीला, प्रेमपूर्वक.” मी काय करू त्याचं?

बटणं बरोबर होती, हो, मान्य. नोकरांच्या कोटावर किती बटणं, काटे-चमचे कसे मांडायचे, सगळं बरोबर. बटणं मोजायला माणसं ठेवलीत तुम्ही – आणि घड्याळ बघायला एक नाही? हे बघा. ही पार्सलाची पावती, स्टेशनचा शिक्का – पाच वाजता. खरी आहे, पणजीच्या बिस्किटांच्या डब्यातली. आणि हा महालाच्या मागच्या फाटकावरच्या वहीचा फोटो – मेबल, आत, सहा वाजून दहा मिनिटं. वाट चाळीस मिनिटांची. मी स्वतः चालून बघितली, दोनदा, एकदा पार्सल घेऊन. मग तुम्ही म्हणालात, अर्धा तास कुठं गेला? आणि त्या अर्ध्या तासात लॉर्ड कोंबलात!

पण तो अर्धा तास नव्हताच. महालातली घड्याळं अर्धा तास पुढं लावलेली असायची – आधीच्या राजाला शिकारीला उजेड जास्त हवा म्हणून. स्टेशनवर देशाची वेळ, महालात महालाची. पणजी पाचला निघाली आणि पाच चाळीसला पोचली, बिचारी भराभरा चालत. तेव्हा महालात सहा दहा झाले होते. पुढच्याच महिन्यात राजा गेला आणि घड्याळं सरळ झाली. आजोबा त्यानंतरचे, त्यांना कसं माहीत असणार? मलाही गावच्या संग्रहालयातल्या काकांनी सांगितलं, भाग लागून गेल्यावर.

काय? हे घड्याळांचं तुम्ही वाचलं होतं?

लेखकांना सांगितलंत? मग? … “राहू दे, फार छान अर्धा तास आहे”? असं म्हणाले? आणि तुम्ही गप्प बसलात. इतिहासाच्या सल्लागार ना तुम्ही? शेवटी नाव येतं तुमचं, बघितलंय मी.

नाही, रडत नाहीये. मी अशी ओरडत नाही कधी. वर्गात हजेरीलासुद्धा माझा आवाज ऐकू येत नाही.

तुम्हाला वाटतं गाव हसतं म्हणून चिडलेय मी? गाव काय, पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुणाला हसेल. पण परवा मी बघितलं – आजोबा आरशासमोर उभे होते. हातात पणजोबांचा लग्नातला फोटो, वॉल्टर पणजोबा, महालात माळी होते. त्या नाताळानंतर लगेच जानेवारीत लग्न झालं त्यांचं. आजोबा फोटोतल्या तोंडावर अंगठा ठेवून नुसते कान बघत होते. मग आरशात स्वतःचे कान. मग परत फोटो. ज्या बापानं त्यांना टोमॅटो लावायला शिकवलं, त्याचे कान तपासत होते हो ते!

म्हणून म्हणते, तुम्ही सांगा त्यांना. मोठ्या आहात, टीव्हीच्या आहात. पावती दाखवा, वही दाखवा, दोन मिनिटांचं काम. फक्त ते विचारतील, हे कागद टीव्हीपर्यंत गेले कसे, तेव्हा…

मी का नाही सांगत?

तुम्ही जाहिरात दिली होती ना, ‘तुमच्या घरातली गोष्ट आम्हाला कळवा’? मी शाळेचा प्रकल्प केला होता. पावतीचा आणि वहीचा फोटो शेजारी शेजारी चिकटवले, खाली लिहिलं – ‘पणजीचा हरवलेला अर्धा तास.’ छान अक्षरात. आणि तो तुम्हाला पाठवला. वाटलं, पणजी टीव्हीवर येईल, आजोबा खूश होतील. हरवलेला हा शब्द माझा आहे. लेखकांचा नाही.

ऐकलंत? काचघराचं दार. येताहेत.

थांबा, तुम्ही त्यांना काही – नको. जा तुम्ही. पुढच्या दारानं. फुलंही न्या. पावती इकडे द्या. द्या हो!

आले, आजोबा! कुणी नाही, चालल्यात त्या. तुम्ही बसा आधी. हातात? हातात पणजीची पावती आहे, आणि ती टीव्हीवाल्यांना मीच—